गोंदियात वसंतात पायी फिरायचंय? आधी मोहाची वेळ समजून घ्या

मार्च उजाडला की गोंदिया जिल्ह्यातल्या पळसाचे फोटो सोशल मीडियावर दिसू लागतात. झाडावर पान नाही, नुसती केशरी फुलं. फोटो बघून अनेकांना वाटतं, नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन मस्त पायी भटकावं. पण तसं करता येत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथे सफारी गाडीतूनच होते आणि वाटेत कुठेही खाली उतरायला मनाई असते.

मग चालायचं कुठे?

गावाबाहेरच्या पांदण रस्त्यांनी, धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवरून आणि तलावांच्या पाळीवरून. खरं तर या जिल्ह्यातली सगळ्यात छान चाल तलावाच्या पाळीवरचीच. गोंदिया-भंडाऱ्याला तलावांचे जिल्हे म्हणतात ते उगाच नाही. इथले जुने तलाव मालगुजारीच्या काळातले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 'माजी मालगुजारी' तलावांचे सरकारी कागदावर 'मामा तलाव' झाले! हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचं नाव आदराने घेतलं जातं. महाराष्ट्रातले बहुतेक सारस पक्षीही याच जिल्ह्यात आहेत. धानाची शेती आणि तलाव हेच त्यांचं घर. जोडी दिसली तर लांबूनच बघा. ड्रोन तर अजिबात नको.

मोहाखालची पहाट

पळस ओसरता ओसरता मोह फुलतो. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटप गळू लागतात. पिवळसर, रसाळ आणि गोड. उजाडायच्या आत बाया-माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात, कारण ऊन चढलं की फुलं कोमेजतात आणि गुरं-वानरंही खाऊन टाकतात. वाळवलेली फुलं विकून घरात रोख पैसा येतो, तोही शेतात फारसं काम नसलेल्या दिवसांत. कोणत्या झाडाखाली कोण वेचणार, हे अनेक गावांत आपसात ठरलेलं असतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही मोहफुलासारख्या गौण वनोपजावरचा जंगलवासीयांचा हक्क मान्य केला आहे. म्हणून झाडाखालचा सडा फुकटचा समजून पिशवी भरू नका, आणि त्यावरून चालत रीलही काढू नका.

अडचण अशी, की हीच वेळ अस्वलाचीही असते. त्याला मोहफुलं फार आवडतात. वाघही पहाटे आणि तिन्हीसांजेलाच जास्त फिरतो. वेचणारा माणूस वाकलेला असतो, त्याचं लक्ष जमिनीवर असतं. मागून येणारं जनावर त्याला दिसत नाही, आणि जनावरालाही वाकलेला माणूस माणसासारखा दिसत नाही. पूर्व विदर्भात मोहाच्या हंगामात हल्ल्यांच्या बातम्या येतात त्या यामुळेच. वेचणाऱ्यांना हा धोका पत्करावा लागतो. फिरायला आलेल्यांना त्याची काहीच गरज नाही. नीट उजाडल्यावर निघा, दोघं-तिघं मिळून चला, अधूनमधून बोलत राहा. कानातले इअरफोन खिशात ठेवा. आणि आज कुठली वाट टाळायची, हे निघण्याआधी गावात विचारा. गुगल मॅपला ते माहीत नसतं.

फार उशीरही करू नका. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर ऊन चटके देऊ लागतं.

अजून एक धोका म्हणजे वणवा. फुलं नीट दिसावीत म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि ती आग कधीकधी जंगलात पसरते. फेकलेल्या बिडी-सिगारेटच्या थोटकानेही तेच होतं. कुठे धूर दिसला तर विझवायला एकट्याने धावू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि जवळच्या गावाचं नाव सांगा.