दप्तर कोणाच्या ताब्यात? : गिट, मर्क्युरियल आणि इतिहास ठेवण्याच्या पद्धती

१६ एप्रिल २००५ रोजी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, एक नवे दप्तर उघडले. त्यातली पहिलीच नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून वाचावी अशी आहे. मागचा सगळा इतिहास हाताशी आहे, पण तो इथे आणण्याच्या खटाटोपात मी पडत नाही. आणला तर सुमारे ३.२ गीगाबाइट जागा लागेल आणि सुरुवातीचे काम विनाकारण अवघड होईल, असा त्या नोंदीचा आशय आहे. ज्या साधनाने पुढे जगातल्या बहुसंख्य सॉफ्टवेअरचा इतिहास सांभाळला, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध दप्तराची सुरुवात इतिहास बाजूला ठेवून झाली. असे का झाले, त्याच वेळी दुसरे कोणते पर्याय समोर होते आणि त्यातून काय हाती लागले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. मोडी कागदांची लिप्यंतरे करता करता या विषयाकडे आलो. माझ्या संगणकावर ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘खरेच अंतिम’ अशा नावांच्या फायली साठत गेल्या. पुढे दोन स्नेह्यांनी एकाच लिप्यंतरात वेगवेगळ्या दुरुस्त्या केल्या आणि एकाच्या दुरुस्त्या दुसऱ्याच्या फाइलखाली कायमच्या गाडल्या गेल्या. हस्तलिखितांचे पाठभेद जुळवणाऱ्याला ही अडचण नवी नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ती रोज येते, आणि तीही हजारो फायलींत, शेकडो हातांनी. तिच्यावर काढलेल्या तोडग्याला आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. ‘रिपॉझिटरी’ या शब्दाऐवजी मी या लेखात ‘दप्तर’ म्हणणार आहे. पेशवे दप्तर म्हणताना जो अर्थ आपल्या मनात असतो, तो इथेही चपखल बसतो: मजकूर, त्याची तारीख, लिहिणाऱ्याचे नाव, आणि ते सारे सांभाळणारा कोणीतरी.

एका कचेरीतले दप्तर

या साधनांची परंपरा १९७२ पासून सांगता येते. त्या वर्षी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली तयार केली. दर वेळी संपूर्ण फाइल न साठवता फक्त बदललेल्या ओळी नोंदवायच्या, ही तिची युक्ती. १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस आणली. तिच्यात ताजी आवृत्ती पूर्ण ठेवलेली असे आणि जुनी हवी असेल तर एकेक बदल उलटा करत मागे जाता येई. या दोन्हींत फाइल साधारणपणे कुलूप लावून घ्यावी लागे. एकाच्या हातात असेपर्यंत दुसऱ्याने वाट पाहायची.

ते कुलूप सीव्हीएसने काढले. ॲमस्टरडॅममधले डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये तिचा आरंभ केला. तिच्यामुळे अनेकांनी एकाच वेळी लिहायचे आणि नंतर बदल जुळवायचे, अशी रीत पडली. सीव्हीएसचे दोष दूर करण्यासाठी २००० मध्ये सबव्हर्जनचे काम सुरू झाले आणि २००४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. मात्र या दोन्हींची घडण एकच होती. दप्तर एका ठिकाणी, एका सर्व्हरवर. काम करणाऱ्याकडे ताजी प्रत असे. इतिहास पाहायचा किंवा नोंद करायची तर त्या कचेरीत जावे लागे. आणि नोंद करण्याचा परवाना कोणाला द्यायचा, हे दप्तर सांभाळणारा ठरवी. बाहेरच्या माणसाने फक्त विनंती करायची.

फुकट मिळालेली सोय

टोरवाल्ड्स यांना ही घडण मान्य नव्हती. १९९१ पासून २००२ पर्यंत कर्नलचे काम मुख्यतः ईमेलवर चाले. बदल पॅचच्या रूपाने येत, ते तपासून आपल्या प्रतीत घालत. माणसे वाढली तसा हा भार एका माणसाला पेलेना. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी बिटकीपर हे साधन वापरायला घेतले. लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीचे हे उत्पादन विकेंद्रित होते. प्रत्येकाकडे ताज्या प्रतीसोबत संपूर्ण दप्तर असे. विमानात बसूनही नोंदी करता येत आणि नंतर एकाचे दप्तर दुसऱ्याच्या दप्तराशी जुळवता येई.

पण हे साधन मालकीचे होते. मुक्त सॉफ्टवेअरच्या कामासाठी ते विनामूल्य मिळे, अट मात्र अशी की वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या साधनावर काम करू नये. रिचर्ड स्टॉलमन आणि इतरांनी तेव्हाच हरकत घेतली होती. टोरवाल्ड्स यांचे म्हणणे व्यवहारी होते: काम होते ना, मग वापरू.

तीन वर्षांनी ही व्यवस्था मोडली. सांबा आणि आरसिंक यांचे कर्ते अँड्र्यू ट्रिजेल बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहीत होते. मॅकव्हॉय यांच्या मते हा अटींचा भंग होता. ट्रिजेल यांनी एप्रिल २००५ मध्ये कॅनबेराच्या परिषदेत आपली बाजू मांडली: सर्व्हरशी साधी जोडणी करून ‘हेल्प’ हा शब्द टंकला की सर्व्हर स्वतःच आज्ञांची यादी देतो. तोवर मॅकव्हॉय यांनी विनामूल्य परवाना मागे घेण्याचे ठरवले होते. या वादात न्याय कोणाच्या बाजूला, यावर मतभेद आहेत. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. दप्तराची प्रत प्रत्येकाच्या घरी होती, तरी ते उघडण्याची किल्ली एकाच्या खिशात होती.

एकाच महिन्यातली दोन भावंडे

टोरवाल्ड्स यांनी आधी उपलब्ध पर्याय पाहिले. ते नव्हते असे नाही. टॉम लॉर्ड यांचे जीएनयू आर्च होते. त्याच्या आज्ञा आणि फायलींची नावे चमत्कारिक असत. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड राउंडी यांचे डार्क्स होते. ग्रेडन होअर यांनी २००३ मध्ये पुढे आणलेले मोनोटोन होते. हेच होअर पुढे रस्ट या भाषेचे जनक म्हणून नावारूपाला आले. मोनोटोनची कल्पना टोरवाल्ड्स यांना आवडली, वेग मात्र परवडेना. त्यांनी हिशेब मांडला होता: एक पॅच घालायला तीस सेकंद लागत असतील आणि एका बैठकीत अडीचशे पॅच घालायचे असतील, तर दोन तासांहून अधिक वेळ नुसता वाट पाहण्यात जाईल. त्यांना हे काम तीन सेकंदांत हवे होते.

३ एप्रिलला त्यांनी गिट लिहायला घेतले. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा इतिहास गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. १९ एप्रिलला ओलिविया मॅकॉल यांनी त्याच प्रश्नावरचे आपले उत्तर, मर्क्युरियल, जाहीर केले. मर्क्युरियलची आज्ञा ‘एचजी’ या दोन अक्षरांनी सुरू होते. रसायनशास्त्रातली पाऱ्याची खूण तीच. त्याच वर्षी उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीत मार्टिन पूल यांच्या हाताखाली बझार आकाराला येत होते. जुलैअखेर गिटची देखभाल टोरवाल्ड्स यांनी ज्युनिओ हमानो यांच्याकडे सोपवली आणि ते आपल्या कर्नलकडे परतले.

इतिहास म्हणजे काय?

या साधनांची तुलना बहुधा वेग आणि सोय यांवर होते. मला त्यांतला दुसरा भेद महत्त्वाचा वाटतो. इतिहास म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले आहे.

डार्क्सच्या मते इतिहास म्हणजे बदलांचा संच. दोन बदल एकमेकांवर अवलंबून नसतील, तर त्यांचा क्रम गौण. हवे ते घ्यावे, नको ते वगळावे. कल्पना देखणी, पण दोन बदल एकमेकांशी भिडले की सुरुवातीच्या डार्क्सचा हिशेब कधी कधी इतका फुगे की संगणक अडकून बसे.

मोनोटोन आणि गिट यांच्या मते इतिहास म्हणजे क्षणचित्रांची साखळी. प्रत्येक नोंदीच्या वेळी सगळ्या फायलींचे एक चित्र ठरते. मजकुरावर एसएचए-१ नावाचे गणित चालवून चाळीस अक्षरी खूण काढली जाते आणि प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असते. जुन्या नोंदीतला एक काना बदलला तरी तिथून पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. म्हणून मागच्या पानात गुपचूप खाडाखोड करता येत नाही. कोणाही दोघांच्या प्रती ताडून पाहिल्या की ती उघडी पडते.

याचा उपयोग ऑगस्ट २०११ मध्ये दिसला. कर्नलचे मुख्य सर्व्हर जिथे असत, तिथे घुसखोरी झाल्याचे उघडकीस आले. तरीही मूळ मजकूर कोणी भ्रष्ट केला असेल ही भीती फार टिकली नाही, कारण त्याच खुणांची दप्तरे जगभर हजारो संगणकांवर होती. (याच एसएचए-१ गणितात दोन भिन्न मजकुरांची एकच खूण काढून दाखवता येते, हे २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने सिद्ध केले, त्यानंतर गिटने त्यावर बंदोबस्त केला.)

मर्क्युरियलनेही अशाच खुणा वापरल्या, पण त्याची वृत्ती अधिक कर्मठ. नोंद झाली की ती झाली. नोंदी मागे जोडत जायच्या, आणि नामांकित शाखेचे नावही नोंदीतच कायमचे कोरले जाई. गिटमध्ये शाखा म्हणजे नुसती सरकती चिठ्ठी. तिथे स्वतःच्या नोंदी जगाला दाखवण्यापूर्वी पुन्हा रचता येतात, एकत्र करता येतात, चुकांच्या नोंदी गाळता येतात. गाळलेल्या नोंदी काही आठवडे अडगळीत राहतात आणि मग झाडून काढल्या जातात. मर्क्युरियलमध्येही पुढे अशी सोय जोडता येऊ लागली, पण मूळ कल ‘घडले तसे’ ठेवण्याचा. गिटचा कल वाचणाऱ्याला समजेल असे मांडण्याचा. बखर आणि रोजनिशी यांतला भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल.

निवाडा कशावर झाला?

२००९ पर्यंत निकाल लागलेला नव्हता. त्या वर्षी पायथन भाषेच्या मंडळींनी बझार, गिट आणि मर्क्युरियल यांची रीतसर तुलना केली. गिट वेगवान, पण विंडोजवर तेव्हा अडचणीचे, बझार संथ, म्हणून मर्क्युरियल निवडले. गूगलनेही त्याच वर्षी आपल्या प्रकल्प-सेवेसाठी आधी मर्क्युरियल घेतले. मोझिला तर २००७ पासूनच त्यावर होती.

पण २००८ मध्ये गिटहब सुरू झाले होते. दप्तर ठेवायला जागा, चर्चा करायला चावडी आणि बदल सुचवायची सोपी रीत तिथे एकत्र मिळाली. माणसे तिथे जमली, आणि माणसे जमली म्हणून आणखी माणसे आली. ईमॅक्सने २०१४ मध्ये बझार सोडले. पायथनने २०१७ मध्ये मर्क्युरियल सोडून गिटहब गाठले. मोझिलाने २०२३ मध्ये गिटकडे जायचे जाहीर केले. मर्क्युरियल या काळात वाईट झाले नव्हते. त्याच्या आज्ञा शिकायला गिटपेक्षा सोप्या, असे म्हणणारे आजही भेटतात. बाजार दुसऱ्या गावी भरू लागला, इतकेच.

इथे गोष्ट फिरून मूळ पदावर येते. विकेंद्रित साधनांनी जिंकलेले जग पुन्हा एका कचेरीत गोळा झाले. ती कचेरी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला घेतली. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमिया इथल्या अनेक वापरकर्त्यांच्या तिथल्या खात्यांवर मर्यादा आल्या. बिटबकेट ही सेवा तर मुळात मर्क्युरियलसाठी निघालेली. तिने २०२० मध्ये मर्क्युरियलची दप्तरे ठेवणेच बंद केले. त्यातला सार्वजनिक ठेवा वाचवायला सॉफ्टवेअर हेरिटेज या फ्रान्समध्ये सुरू झालेल्या संग्रहालयाला धावावे लागले.

ज्यांच्या घरी प्रत होती, त्यांचा मजकूर आणि नोंदी वाचल्या. विकेंद्रित रचनेचे हे यश खरेच आहे. पण त्या प्रतीत काय नसते, हेही पाहावे. एखादा बदल का केला, कोणी हरकत घेतली, कोणता पर्याय का नाकारला, ही सारी चर्चा त्या सेवेच्या पानांवर चालते आणि ती दप्तराच्या प्रतीबरोबर आपोआप येत नाही. सेवा बंद झाली की ‘काय’ उरते आणि ‘का’ जाते. इतिहासाला नेमके तेच लागते. कर्नलची मंडळी आजही आपली चर्चा ईमेलवर करतात आणि तिचा संग्रह स्वतः ठेवतात, हे पाहून अनेकांना हसू येते. मला येत नाही.

आरंभी सांगितलेल्या, बाजूला ठेवलेल्या त्या इतिहासाचे पुढे काय झाले? इतरांनी बिटकीपरच्या काळातल्या नोंदी वेगळ्या गिट दप्तरात उतरवल्या. हव्या असल्यास त्या आजच्या दप्तराला मागून जोडून सलग वाचता येतात. बिटकीपर स्वतः २०१६ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले झाले, पण तोवर बाजार उठला होता.

माझी मोडी लिप्यंतरे आता गिटमध्ये आहेत. दोन्ही स्नेह्यांकडे पूर्ण दप्तर आहे आणि चौथी प्रत एका डिस्कवर कपाटात असते. एक नियम आम्ही आपसात केला आहे. एखादा शब्द ‘तह’ऐवजी ‘तहद’ वाचला, तर तो बदलण्याचे कारण फोनवर सांगून भागत नाही. ते त्या नोंदीतच दोन ओळींत लिहायचे.