सम्राट ज्युलियन आणि जेरुसलेमचे अपुरे मंदिर

इ.स. 363 मध्ये रोमन सम्राट ज्युलियन याने जेरुसलेमचे ज्यू मंदिर पुन्हा बांधावयास घेतले, परंतु ते काम पायापलीकडे गेले नाही, आणि ईश्वरी इच्छेविरुद्ध माणसाने पुकारलेले बंड कसे व्यर्थ ठरते याचा दाखला म्हणून ख्रिस्ती लेखक ही घटना पुढे शतकानुशतके सांगत राहिले. ज्याला त्यांनी बंडखोर ठरवले तो मात्र स्वतःला देवांचा आज्ञाधारक सेवक मानत होता, आणि या प्रकरणाचे खरे गांभीर्य तेथेच आहे.

हे मंदिर इ.स. 70 मध्ये सेनापती टायटसच्या सैन्याने उद्ध्वस्त केले होते. 132 ते 135 या काळातील ज्यूंचा उठाव मोडून काढल्यावर सम्राट हेड्रियनने त्यांना शहरात राहण्यास बंदी केली. चौथ्या शतकात त्यांना वर्षातून एकदा, अव या हिब्रू महिन्याच्या नवव्या दिवशी, भग्नावशेषांपाशी येऊन शोक करण्याची मुभा असे. हाच उपवासाचा दिवस कोकणातील मराठी भाषक बेने इस्रायल समाज, मोड आलेल्या वालांच्या उसळीवरून, ‘बिरड्याचा सण’ म्हणून पाळत आला आहे.

या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही, असे येशूने सांगितल्याचे शुभवर्तमानांत नमूद आहे, त्यामुळे ते ओसाड पडलेले असणे हाच ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माच्या सत्यतेचा पुरावा वाटे. ज्युलियन हा पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन याचा पुतण्या. ख्रिस्ती संस्कारांत वाढूनही तो प्राचीन ग्रीक-रोमन देवतांकडे वळला होता आणि यज्ञबळी हा उपासनेचा गाभा मानत होता. ज्यूंचे बळी जेरुसलेमच्या मंदिरातच अर्पण करता येत असल्याने मंदिर उभे राहिले तर एक प्राचीन उपासना पुन्हा सुरू होईल, असा त्याचा विचार दिसतो; भविष्यवाणी खोटी पाडण्याचा हेतू त्याच्या विरोधकांनी त्याला चिकटवला, आणि तोही अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

कामाची देखरेख अँटिऑकच्या अलिपियस या, पूर्वी ब्रिटनचा कारभार पाहिलेल्या अधिकाऱ्याकडे होती. पायाजवळ आगीचे भयंकर लोळ पुन्हा पुन्हा उसळले, काही कामगार भाजले आणि ती जागा गाठणेच अशक्य झाले, असे इतिहासकार अम्मिआनुस मार्सेलिनुस लिहितो. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता, ज्युलियनच्या सैन्यात होता आणि त्याचा चाहताही होता, म्हणून त्याच्या साक्षीला विशेष वजन आहे. त्याच वर्षी मे महिन्यात पॅलेस्टाइनमधील अनेक नगरे हादरवणारा भूकंप झाला होता, आणि आगीचा संबंध अनेक अभ्यासक त्याच्याशी जोडतात. तथापि भूकंपामुळे थांबलेले काम पुन्हा सुरू करता आले असते. ते कायमचे बंद पडले, कारण 26 जून 363 रोजी पर्शियाच्या मोहिमेत भाल्याच्या जखमेने ज्युलियन मरण पावला आणि त्याच्यामागून ख्रिस्ती धर्माचा जोव्हियन गादीवर आला. हा क्रम नजरेआड केला की केवळ आगच उरते, आणि ख्रिस्ती धर्मगुरू नाझियांझसचा ग्रेगरी याने लवकरच लिहिलेल्या भाषणांत ती थेट स्वर्गाचा निवाडा होऊन बसली.

पराभूत झाला म्हणून ज्युलियन ईश्वराचा शत्रू होता असे मानणे न्यायाचे नाही, कारण मग टायटसचा विजयही ईश्वराची संमती ठरवावा लागेल, आणि तसे त्या काळी खरोखरच म्हटले गेले. त्याची झळ ज्यूंना बसली. 386-87 च्या सुमारास ख्रिस्ती धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टम याने अँटिऑकमधील प्रवचनांत जेरुसलेमला जाऊन उघडा पडलेला पाया पाहा असे सांगत, ज्यूंचे सण पाळणाऱ्या आपल्याच अनुयायांना धाकात घेतले; आणि सातव्या शतकात मुस्लिम सत्ता येईपर्यंत ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी ती जागा तशीच ओसाड राहू दिली.