हेमलकसा: माडिया मुलांची मराठी शाळा

बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या अरण्यात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली वेगळा झाला १९८२ मध्ये. आधी दवाखाना, मग १९७६ मध्ये आश्रमशाळा. शाळा निवासी असणे अपरिहार्यच होते, कारण पर्लकोटेला पूर आला की वाटा बंद. खरा पेच मात्र भाषेचा. मुलांच्या घरी माडिया, द्राविडी कुळातली. पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांना पूर्णतः परकी. रुग्णांशी बोलण्यासाठी डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया आत्मसात केली. वर्गात मात्र हे ओझे मुलांनीच वाहिले, आणि याची नोंद यशोगाथांत क्वचितच होते. त्याच मुलांतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक घडले.