कोरी भिंत आणि कल्पनाशक्ती : सेवाग्रामच्या कलाविचाराचा इतिहास

भारतीय अमूर्त चित्रकलेचा इतिहास बहुधा मुंबई, पॅरिस आणि न्यूयॉर्क या शहरांच्या आधारे सांगितला जातो, आणि त्यात विदर्भाचा उल्लेख आलाच तर तो वासुदेव गायतोंडे यांचा 1924 मधील जन्म नागपूरचा, किंवा सय्यद हैदर रझा यांचे 1939 ते 1943 या काळातील कलाशिक्षण नागपूरचे, एवढ्यापुरताच येतो. चित्रातील आकार ओळखीच्या वस्तूंपासून सुटे होतात आणि रंग, रेषा, पोत व अवकाश यांच्या परस्परसंबंधातूनच अर्थ घडवू लागतात, तेव्हा त्या चित्राला अमूर्त म्हणतात. अशा चित्राची प्रेरणा डोळ्यांसमोरच्या वस्तूत नसेल तर ती कोठून येते, हा प्रश्न त्यामुळे अमूर्त कलेच्या मुळाशी असतो. याच प्रश्नाचा एक फार गंभीर विचार नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर, वर्धा जिल्ह्यात, चित्रदालनांच्या जगापासून दूर झाला, आणि कलेतिहासाने त्याची दखल फारच अपुरी घेतली आहे.

गांधी 30 एप्रिल 1936 रोजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला आले, आणि 1940 मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आपल्या झोपडीचा खर्च शंभर रुपयांपलीकडे जाऊ नये आणि तिला लागणारे सामान आसपासच मिळणारे असावे, ही त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांतूनच तेथील घरे उभी राहिली. पुढे बापूकुटी म्हणून ओळखल्या गेलेल्या झोपडीच्या मातीच्या भिंतीवर गांधींच्या शिष्या मीराबेन यांनी ताडाची झाडे, चरखा आणि ॐ असे उठावाचे आकार घडवले. भिंतीच्याच मातीचे असल्यामुळे हे आकार रंगाने वेगळे उठून दिसत नाहीत, आणि सारवलेल्या पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाने व सावलीनेच ते वाचता येतात. 1924 मध्ये जी. रामचंद्रन या तरुणाशी झालेल्या संवादात गांधींनी आपल्या खोलीच्या भिंती कोऱ्या असल्या तरी चालतील, कारण ताऱ्यांनी भरलेले आकाश डोळ्यांपुढे आहे, अशा आशयाचे मत मांडले होते. या मताला कलेचा नकार समजणे ही चूक आहे, कारण त्यात कलेच्या साधनांचा संकोच असला तरी पाहणाऱ्याच्या मनाकडून अधिक कामाची अपेक्षा आहे.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या उद्योगाभोवती सर्व विषय गुंफणारी शिक्षणपद्धती, पुढे आली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात चित्रकलेला जागा होती, परंतु भर मुख्यतः आकार व रंग यांचे निरीक्षण, आकारांची स्मृती, सौंदर्याची ओळख आणि उद्योगाला लागणारे रेखन यांवर होता. यांत्रिक पाठांतराच्या शाळेपेक्षा हे खूपच पुढचे पाऊल होते. तरीही जे पाहिलेले नाही ते घडवण्याची शक्ती, म्हणजे कल्पनाशक्ती, या आराखड्यात मागेच राहिली होती.

ती उणीव भरून निघाली ती शांतिनिकेतनाच्या वाटेने. सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालिमी संघाचे काम पाहणारे आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य रवींद्रनाथ ठाकूर यांच्या सहवासातून आले होते, आणि रवींद्रनाथ स्वतः उतारवयात चित्रकार झाले ते हस्तलिखितातील खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता. ज्या आकाराचा आधी विचारही केलेला नसे, तो खाडाखोडीतून उमटे. 1944 मध्ये याच परंपरेतले देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. नंदलाल बसू, विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज यांच्या काळातील शांतिनिकेतनच्या कलाभवनात, म्हणजे तेथील कलाशाळेत, त्यांचे शिक्षण झाले होते. नंदलालांनी 1936 च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनाचे नगर बांबू आणि खेड्यातल्या साध्या सामग्रीतून सजवले होते, त्यामुळे साधेपणा आणि कल्पकता यांत विरोध नसतो हे त्यांच्या शिष्याला नव्याने शिकावे लागले नाही. चित्रकार, कुंभकार आणि छायाचित्रकार असलेल्या देवी प्रसादांनी सेवाग्राममध्येही कलाभवन उभे केले आणि 1962 पर्यंतचा काळ तेथे घालवला.

त्यांच्या अध्यापनाचा गाभा असा होता की मुलाला दुसऱ्याचे चित्र नकलायला लावू नये आणि मोठ्यांची दृष्टी त्याच्यावर लादू नये. मूल बंडी काढते तेव्हा बाजूने पाहताना एकच चाक दिसत असले तरी ते दोन्ही चाके शेजारी शेजारी काढते. विहीर काढताना आतले पाणी आणि वरची माणसे एकाच वेळी दाखवते. ज्याच्याविषयी त्याला अधिक वाटते त्याला ते मोठे काढते. शालेय चित्रकलेने या गोष्टींना चुका ठरवून लाल शाई वापरली, पण बालकलेच्या अभ्यासकांना त्यांत एक सुसंगत विचारपद्धती दिसली. डोळ्याला दिसते त्याऐवजी मनाला ठाऊक असते आणि भावते ते मूल मांडते, म्हणजे वस्तूचे दृश्य रूप मागे सारून तिचे सार निवडते. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलांसाठी चालवलेल्या वर्गापासून हर्बर्ट रीड यांच्या 1943 मधील कलाद्वारे शिक्षणाच्या मांडणीपर्यंत हा विचार युरोपात वाढत गेला, आणि अमूर्त कलेचे एक प्रवर्तक वासिली कँडिन्स्की यांनी 1912 मध्ये म्युनिकहून काढलेल्या संग्रहग्रंथात मुलांची चित्रेही छापली होती. सेवाग्रामचे वेगळेपण असे की तेथे चित्र काढणारे मूल सूतही कातत होते आणि शेतात मातीही उकरत होते, त्यामुळे त्याची कल्पना हाताच्या कामापासून तुटलेली नव्हती.

मुलाचे चित्र आणि प्रौढ चित्रकाराचे अमूर्त चित्र यांना एकच मानणे मात्र योग्य नाही. मुलाला जे सहज येते तेथे पोहोचण्यासाठी चित्रकाराला अवगत केलेले पुष्कळसे सोडून द्यावे लागते. गायतोंडे यांनी मनुष्याकृतींपासून आरंभ करून हळूहळू त्या गाळल्या. रोलर आणि पॅलेट-नाइफ वापरून रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा वाट पाहायची, अशी त्यांची पद्धत असल्यामुळे वर्षात मोजकेच कॅनव्हास पूर्ण होत. झेन विचार आणि निसर्गदत्त महाराजांची शिकवण त्यांना जवळची होती. आपल्या चित्रांना ते वस्तुनिरपेक्ष म्हणत, कारण कोणत्याही वस्तूचे सार काढण्याचाही त्यांचा हेतू नव्हता. त्यांच्या प्रेरणेचा शोध निसर्गदृश्यात किंवा केवळ अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथको यांच्या चित्रांत घेणे म्हणूनच अपुरे ठरते.

रझांचा मार्ग निराळा होता. मंडला जिल्ह्यातील काकैयाच्या शाळेत मन स्थिर व्हावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेला ठिपका अनेक दशकांनी त्यांच्या चित्रांत बिंदू होऊन परतला. भिंतीवरची ती खूण आणि तिच्यातून घडलेले विश्व यांमधले सगळे अंतर कल्पनेने पार केलेले आहे. वर्धा जिल्ह्यातून 7 नोव्हेंबर 1933 रोजी सुरू झालेली गांधींची अस्पृश्यता निवारणासाठीची हरिजन यात्रा त्याच वर्षी मंडल्यालाही पोहोचली होती, आणि रझांनी बालपणी गांधींना पाहिले ते मंडल्यातच. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली असता स्वतः भारतीय राहण्याच्या निर्णयामागे ते दर्शन असल्याचे रझा सांगत. आयुष्यातील सहा दशके फ्रान्समध्ये काढून दिल्लीला परतल्यावर 2013 मध्ये त्यांनी गांधींवर चित्रमाला केली, आणि तिच्यातील सत्य, शांती, स्वधर्म अशी नावे असलेल्या कॅनव्हासांवर गांधींची आकृती काढण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले.

रझा किंवा गायतोंडे यांच्यावर सेवाग्रामच्या कलाभवनाचा प्रभाव पडला असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. महत्त्वाचे हे की कल्पनाशक्ती ही मोजक्या प्रतिभावंतांची मिरास आहे की प्रत्येक हाताला मिळालेली शक्ती आहे, या प्रश्नाला वर्धा जिल्ह्यात वर्गातल्या रोजच्या कामातून उत्तर दिले गेले. देवी प्रसादांनी या अनुभवावर 1959 मध्ये हिंदीत बच्चों की कला और शिक्षा हे पुस्तक लिहिले, आणि 1998 मध्ये त्यांची इंग्रजी मांडणीही ग्रंथरूपाने आली. ही पुस्तके शिक्षणशास्त्राच्या कपाटात ठेवली जातात. गायतोंडे आणि रझा यांच्या चित्रांवरील ग्रंथांशेजारी ती ठेवून वाचली, तर विदर्भातील आधुनिक कलेचा इतिहास नागपूरच्या कलाशाळेबरोबरच सेवाग्रामच्या मातीच्या भिंतींपासूनही लिहावा लागेल.