देवळालीचे मास्तर आणि एकांच्या रांगा

१९ ऑगस्ट २०१० रोजी हैदराबाद येथे आंतरराष्ट्रीय गणिती परिषदेचे उद्घाटन झाले. १८९७ पासून चालत आलेली ही परिषद भारतात प्रथमच भरत होती. फील्ड्‌स पदके प्रदान करण्याचा मान त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना लाभला. अशा विद्वत्सभेचा थाट पाहिला म्हणजे सहज प्रश्न पडतो, की महाराष्ट्रातील एका शाळामास्तराने जन्मभर जे गणित केले, त्यास या दरबारात कोणते आसन मिळाले असते?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शिक्षक होते. पदवीपुढील शिक्षणाचा योग त्यांना आला नाही. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे; परंतु त्यांचा जुना छंद निराळाच होता. जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानकावर त्यांना एका संख्यासमूहाची कल्पना सुचली, आणि त्या स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्यास 'डेमलो संख्या' म्हटले.

१२१, १२३२१, १२३४३२१ अशा या संख्या पायऱ्यांनी चढतात आणि तशाच उतरतात. १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकांची संख्या घ्या. हिचे मूळ अवयव काढा म्हटले, तर चांगला हिशेबनीसही बिचकेल. पण ही नऊ एकांच्या रांगेचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग आहे एवढे ध्यानात आले, की गाठ सुटते. ३ हा अवयव चार वेळा, ३७ आणि ३३३६६७ प्रत्येकी दोन वेळा, संपली संख्या!

अर्थात खरा प्रश्न आता एकांच्या रांगेवर येऊन ठेपतो. रांगेतील एकांची गणती संयुक्त असेल, तर रांगही संयुक्त असलीच पाहिजे: सहा एक म्हणजे १११ गुणिले १००१. गणती मूळ संख्या असली तरी मात्र शाश्वती नाही. सात एकांचे २३९ व ४६४९ असे दोन तुकडे पडतात. सतरा एकांचे २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. दोन एक अधिक घालून एकोणीस करावेत, तर ती रांग कशानेच भागली जात नाही! तेवीस एकांचेही तसेच. त्यापुढची अभंग रांग थेट ३१७ एकांची, आणि ती मूळ आहे हे १९७८ मध्ये सिद्ध झाले. १०३१ एकांच्या रांगेचा निकाल १९८६ मध्ये लागला. त्याच वर्षी कापरेकर निवर्तले.

हे सारे आपल्याकडील अनेक विद्वानांना पोरखेळ वाटे. मास्तरांच्या लेखनाला पुष्कळदा स्वतः छापलेल्या पुस्तिकांचाच आश्रय मिळाला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती परदेशी गेली. गंमत अशी, की ऑगस्ट १९७७ मध्ये त्याच सदरात १२९ अंकांची एक संख्या छापून आली. तिचे दोन मूळ अवयव शोधील त्यालाच तिच्याआड दडविलेला गुप्त संदेश वाचता येणार होता. ते अवयव हाती येण्यास १९९४ साल उजाडले, आणि त्यासाठी सुमारे सहाशे स्वयंसेवकांची संगणकयंत्रे राबली. या गुप्तलेखनाची विद्या कापरेकरांपासून निघाली असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मोठी संख्या फोडण्याचे कोडे रिकामपणचे नव्हे, एवढे त्यातून दिसून आले.

२००२ मध्ये कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे तिचे अवयव न काढता निश्चित ठरविणारी झटपट रीत दिली. अवयव काढण्याची तशी सुलभ रीत मात्र साध्या संगणकांना अद्याप गवसलेली नाही. २०२२ मध्ये ४९०८१ एकांची रांगही मूळ ठरली. अशा रांगांना अंत आहे की नाही, हे कोणीही सिद्ध केलेले नाही.