तीन पिवळी फुले

इंग्रजी काव्याचे अध्ययन केलेल्या आपल्या वाचकांस प्रिमरोज, काउस्लिप व ऑक्सलिप ही नावे अपरिचित नाहीत. फुले मात्र आपणांपैकी थोड्यांनीच पाहिली असतील. 'एक पिवळे रानफूल' एवढ्या अर्थावर आपले समाधान होते. आश्चर्य हे की, ज्यांच्या रानांत ती उमलतात त्या युरोपीय पंडितांसही ती नीट निराळी करता येईनात. लिनियसने १७५३ साली तिन्ही एकाच जातीत घातली.

प्रिमरोजचे प्रत्येक फिकट फूल पानांच्या झुबक्यातून स्वतंत्र देठावर येते. काउस्लिप उघड्या कुरणात वाढते. तिच्या उंच दांड्यावर लहान, गडद फुलांचा घोस असतो. ऑक्सलिपला दांडा काउस्लिपसारखा, तर रंग प्रिमरोजसारखा! तेव्हा ती या दोघींची संतती, असा तर्क होणे साहजिकच होते. त्यातून, ही दोन्ही जवळजवळ वाढतात तेथे असा संकर खरोखरच होतो. त्यामुळे घोटाळा अधिकच वाढला.

१८४२ साली एपिंग येथील हेन्री डबलडे नावाच्या किराणा दुकानदाराने एक साधी गोष्ट निदर्शनास आणिली. एसेक्समधील बार्डफील्ड येथे ऑक्सलिप विपुल आहे, परंतु प्रिमरोज मुळीच नाही. मातापितरांपैकी एकाचा मागमूस नसता एवढा वंशविस्तार झाला कोठून?

या प्रश्नात डार्विनचे हितसंबंध गुंतले होते. जातीजातींमधील सीमा पुसट असतात, हे दाखविण्यासाठी १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याने प्रिमरोज व काउस्लिप यांचेच उदाहरण घेतले होते. एकाच झाडाच्या बियांपासून निरनिराळे प्रकार निघतात, असे त्याचे गुरू हेन्स्लो यांचे प्रयोगही सांगत होते. तथापि डार्विनने काउस्लिपची झाडे कीटकांपासून झाकून ठेवली व त्यांचे बी पेरले. रोपे निघाली ती सारी काउस्लिपचीच! पूर्वीच्या प्रयोगांत मधमाश्यांनी परका पराग आणिला असावा, हे उघड झाले. १८६८ साली लिनियन सोसायटीपुढे त्याने तिन्ही जाती भिन्न असल्याचे प्रतिपादिले. आपल्याच ग्रंथातील सोयीचे उदाहरण असे मोडण्यास जो प्रामाणिकपणा लागतो, तो विद्वानांत फारसा आढळत नाही.

खऱ्या ऑक्सलिपचा घोस एकाच बाजूस झुकलेला असतो. संकराची फुले चोहोंकडे तोंड करितात. सफोक, एसेक्स व केंब्रिज यांच्या सीमेवरील जुन्या रानांत, जड चिकणमातीत, ती आजही फुलते.