आवाजाचे आकडे होताना

कपाटाच्या तळाशी ठेवलेला ध्वनिफितींचा डबा आजही अनेक घरांत सापडतो. एखाद्या फितीवर आजीने म्हटलेल्या ओव्या असतात, एखादीवर गणेशोत्सवातल्या मैफलीचे हौशी ध्वनिमुद्रण, तर एखादीवर लग्नातली मंगलाष्टके. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने सामान्य माणसाच्या हाती ध्वनिमुद्रणाचे साधन दिले. मात्र फितीवरील चुंबकीय थर कायमस्वरूपी टिकणारा नसतो आणि ती वाजवणारी चांगली यंत्रेही आता दुर्मिळ झाली आहेत. साहजिकच या फिती ‘डिजिटल करून घ्या’ असा सल्ला दिला जातो. तो योग्यच आहे. पण हे काम बहुधा एकदाच होते आणि त्या वेळी जे निसटते, ते पुन्हा हाती लागत नाही. त्यामुळे काम करून देणारा ‘किती किलोहर्ट्झ, किती बिट?’ असे विचारतो तेव्हा या शब्दांचा अर्थ ठाऊक असणे हिताचे ठरते.

अ‍ॅनालॉग आणि डिजिटल

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील कंपने. मायक्रोफोन या कंपनांचे विद्युतदाबाच्या चढउतारांत रूपांतर करतो. हवेतील लहर जशी वरखाली होते, तशीच विजेची लहरही होते. मूळ लहरीशी असे अखंड साधर्म्य राखणाऱ्या संकेताला अ‍ॅनालॉग म्हणतात. ग्रामोफोन तबकडीवरील खाच आणि कॅसेटच्या फितीवरील चुंबकत्व ही त्याचीच रूपे. अ‍ॅनालॉगची अडचण अशी, की प्रत्येक नकलेत थोडी खरखर मिसळते आणि ती मूळ आवाजापासून पूर्णपणे वेगळी काढता येत नाही. दूरध्वनीच्या लांब तारांवरही हेच घडत असे. त्यावर उपाय शोधताना ब्रिटिश अभियंते अ‍ॅलेक रीव्हज यांनी १९३७ मध्ये आवाज आकड्यांच्या रूपात पाठवण्याची कल्पना मांडली. तिलाच पल्स कोड मॉड्युलेशन किंवा पीसीएम म्हणतात. आकड्यांची नक्कल करताना प्रत्येक आकडा जसाच्या तसा उतरवता येतो. त्यामुळे शंभरावी प्रत पहिल्या प्रतीसारखीच राहते.

सॅम्पलिंग रेट

अखंड लहरीचे आकडे करायचे, तर ठराविक अंतराने तिची उंची मोजावी लागते. अशा प्रत्येक मोजणीला सॅम्पल, म्हणजे नमुना म्हणतात. एका सेकंदात किती नमुने घेतले, तो सॅम्पलिंग रेट म्हणजेच नमुनादर. तो हर्ट्झमध्ये सांगतात.

नमुने किती घ्यावेत, याला निश्चित नियम आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारसंदेशांच्या संदर्भात मांडलेल्या विचारातून तो विकसित झाला. रशियात कोतेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो स्पष्ट स्वरूपात मांडला. संकेतातील सर्वांत उंच वारंवारतेच्या दुपटीपेक्षा अधिक दराने नमुने घेतले, तर त्या नमुन्यांवरून मूळ लहर पुन्हा उभी करता येते, असा तो नियम. दूरध्वनीवर संभाषण समजण्यासाठी सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरतो. म्हणून तेथे सेकंदाला ८,००० नमुने घेण्याची पद्धत रूढ झाली. तरुण माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यामुळे संगीतासाठी ४० किलोहर्ट्झहून अधिक दर लागतो.

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून घडवलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. तिचा नमुनादर ४४.१ किलोहर्ट्झ. हा विचित्र वाटणारा आकडा व्हिडिओ फितींमुळे ठरला. त्या काळी डिजिटल आवाज साठवण्यासाठी व्हिडिओ रेकॉर्डर वापरत. चित्राच्या प्रत्येक ओळीत ३ नमुने, दर पटलात उपयोगी २४५ ओळी आणि सेकंदाला ६० पटले. यांचा गुणाकार ४४,१०० होतो. युरोपीय पद्धतीतल्या २९४ ओळी आणि ५० पटले घेतली, तरी उत्तर तेच येते.

एलियसिंग

नमुनादराच्या निम्म्याहून उंच वारंवारता यंत्रात शिरली, तर ती नाहीशी होत नाही, वेषांतर करून खालच्या स्वरात प्रकटते. ४४.१ किलोहर्ट्झ दराने नमुने घेताना ३० किलोहर्ट्झचा ध्वनी आत आला, तर तो १४.१ किलोहर्ट्झचा म्हणून नोंदला जातो. न ऐकू येणाऱ्या ध्वनीतून असा ऐकू येणारा, मूळ संगीतात नसलेला स्वर तयार होतो. चित्रपटात धावत्या गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, त्यामागचे कारणही हेच. हा दोष एकदा नोंदीत शिरला, की तो निवडून काढता येत नाही. म्हणून मोजणीपूर्वीच अतिउंच वारंवारता अडवणारी गाळणी, म्हणजे फिल्टर, बसवलेली असते.

बिट डेप्थ

नमुना केव्हा घ्यायचा हे नमुनादराने ठरते, तर त्याची उंची किती बारकाईने नोंदवायची हे बिट डेप्थने. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात, तर २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६. मोजलेली उंची दोन पायऱ्यांच्या मध्ये आली, तर ती जवळच्या पायरीवर बसवतात. या क्रियेला क्वांटायझेशन म्हणतात. त्यात होणारी चूक ऐकताना मंद खरखरीच्या वा विकृतीच्या रूपाने जाणवू शकते. विकृती टाळण्यासाठी डिदर नावाचा अतिसूक्ष्म गोंगाट मुद्दाम मिसळतात. त्यामुळे चुकीचे स्वरूप स्वरांना चिकटून न राहता एकसारखी, कानाला न खुपणारी सरसर बनते.

प्रत्येक वाढीव बिटमागे सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढते. १६ बिटला ते साधारण ९६ डेसिबल होते. २४ बिटला ते कागदावर १४४ होते, पण उत्तम यंत्रेही प्रत्यक्षात तेवढे गाठत नाहीत. साध्या कॅसेटवर हे अंतर ५० ते ६० डेसिबलच असते. मग तिच्यासाठी २४ बिट कशाला? त्याचे उत्तर पुढच्या संज्ञेत आहे.

क्लिपिंग

डिजिटल मोजपट्टीला वरची कमाल मर्यादा असते. तिला शून्य डेसिबल म्हणतात आणि बाकी सारे आवाज उणे आकड्यांत मोजतात. संकेत या मर्यादेपलीकडे गेला, तर लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटल्यासारखा येतो. हेच क्लिपिंग. संथ आलापावर पातळी जुळवून ठेवावी आणि अचानक तबल्याची कडक थाप यावी, की नेमके हे घडते. कापलेले माथे जसेच्या तसे परत मिळत नाहीत. २४ बिट वापरल्यास पातळी १० ते १२ डेसिबल खाली ठेवूनही बारकावे हरवत नाहीत. २४ बिटचा खरा लाभ हा असा सुरक्षित वावर मिळण्यात आहे.

पुन्हा अ‍ॅनालॉगकडे

लहरीचे आकडे करणाऱ्या यंत्राला एडीसी आणि आकड्यांची पुन्हा लहर करणाऱ्याला डीएसी म्हणतात. दुसरे यंत्र प्रत्येक मोबाइल फोनात असते. डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि म्हणून ‘तुटक’ वाटतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. डीएसीमधील गाळणीतून बाहेर पडणारी लहर सलगच असते. नमुने मात्र अचूक लयीत घ्यावे आणि वाजवावे लागतात. त्या लयीतील सूक्ष्म अनियमिततेला जिटर म्हणतात.

बिट रेट आणि एमपीथ्री

बिट डेप्थ आणि बिट रेट यांची नेहमी गल्लत होते. एका सेकंदाच्या आवाजासाठी किती बिट खर्ची पडतात, तो बिट रेट. नमुनादर, बिट डेप्थ आणि वाहिन्यांची संख्या यांचा गुणाकार केला, की सीडीसाठी तो सेकंदाला १,४११.२ किलोबिट येतो. एका तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला हीच गरज सुमारे २ गिगाबाइटवर जाते. १२८ किलोबिटची एमपीथ्री मात्र ५८ मेगाबाइटच्या आत मावते.

एमपीथ्रीला हे साधते, कारण ती कानाला जाणवण्याची शक्यता कमी असलेला भाग कायमचा टाकून देते. मोठ्या स्वराशेजारचा मंद स्वर झाकला जातो, या श्रवणधर्माचा ती उपयोग करते. १२८ किलोबिटला बहुधा १६ किलोहर्ट्झच्या वरचा भागही कापला जातो आणि तीव्र आघात किंचित पसरतात. अशा फाइलचे पुढे ३२० किलोबिटमध्ये रूपांतर केले, तरी टाकलेला भाग परत येत नाही, केवळ जागा वाढते. २००१ मध्ये आलेली फ्लॅक पद्धत वेगळी आहे. ती एकही आकडा न गमावता आकारमान घटवते आणि उलगडल्यावर मूळ आकडे तंतोतंत देते. वेव्ह फाइलमध्ये आकडे सहसा न आकसता ठेवलेले असतात.

घरच्या फितींसाठी

ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा आग्रह धरते आणि ९६ किलोहर्ट्झची शिफारस करते. घरच्या फितींसाठीही किमान मर्यादा पाळणे आज अवघड नाही. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावी आणि नातेवाइकांना पाठवण्यासाठी तिच्यावरून एमपीथ्री करावी. हा क्रम उलटा करता येत नाही. खरखर काढण्याचे प्रयोग नकलेवर करावेत, मूळ प्रतीवर नव्हे. तिच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात. घरी जाळलेल्या सीडीवर विसंबू नये. तिच्यावरील रंगद्रव्याचा थरही कालांतराने खराब होऊ शकतो. एवढे करूनही फीत मात्र टाकून देऊ नये. आकड्यांत काही राहून गेले असेल, तर ते पुन्हा शोधण्याची एकमेव जागा तीच असते.